चौरंगावरचं कार्ड

"मॅडम, लाईट तर लागून राहिलाय. मग नेट कामून नाही?"

हा प्रश्न बालाजीरावांनी सकाळपासून फोनवर दोनदा विचारला होता. आता समोर उभे राहून तिसऱ्यांदा विचारत होते. मी त्यांच्या जिनिंगच्या ऑफिसात जमिनीवर बसून टेबलाखालचा काळा डबा बाहेर ओढत होते. डब्याचा लाईट लागलेला होता हे खरं. पण लाईट लागलेला प्रत्येक जण काम करतोच असं नाही. हे मी त्यांना सांगणार होते, पण ऑफिसात त्यांचे मुनीम सोपानरावही बसलेले होते, म्हणून राहू दिलं.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. बालाजीरावांचा कारखाना हदगावजवळ आहे. त्या दिवशी खंडेनवमी होती आणि दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला त्यांच्याकडे कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. सकाळपासून गाड्या काट्यावर लागतात. गाडीचं वजन होतं, तिचा फोटो निघतो आणि दोन्ही गोष्टी नांदेडला त्यांच्या भागीदाराच्या सर्व्हरवर जातात. तिकडून भाव येतो, मग गाडी खाली होते. नेट नाही तर भाव नाही, भाव नाही तर गाड्या तशाच उभ्या.

माझं काम नेटवर्कचं. नांदेडला छोटं ऑफिस आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या डाळ मिल, दवाखाने, जिनिंग ही माझी गिऱ्हाइकं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसू नये, आणि घुसलाच तर पसरू नये, याची जबाबदारी माझी. माझ्या धंद्यात खंडेनवमी हा जोखमीचा दिवस असतो. त्या दिवशी जेवढी मशीन बंद पडतात तेवढी वीज पडूनसुद्धा पडत नाहीत, कारण वीज मशीन धुवायला जात नाही.

त्या दिवशी मला संध्याकाळच्या आत मोकळं व्हायचंच होतं. आमच्या कॉलनीतल्या बाया जीप करून नागपूरला निघाल्या होत्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून. जीप दुपारी नांदेडहून निघून हदगाववरूनच पुढे जाणार होती आणि तिच्यात माझी आई होती. लग्न झाल्यावर आई माझ्या वडिलांबरोबर ट्रकमध्ये उभी राहून नागपूरला गेली होती. नंतर जवळजवळ दरवर्षी. मग वडील गेले, मग तिचे गुडघे गेले, मग ऑपरेशन झालं. मधली काही वर्षं तशीच गेली. यंदा ती म्हणाली, "जाऊन येते. पुढचं कुनी पाहिलंय?" पण त्या गर्दीत तिला धरायला एक हात लागतो, आणि तो माझाच लागतो. सकाळी मी हदगावच्या बसमध्ये बसताना तिनं मला दारातूनच बजावलं होतं. "तू न्हाई तर मी बी न्हाई. हदगावातच उतरते अन् माघारी येते."

आई जे बोलते ते करते. म्हणून मी घाईत होते.

त्या काळ्या डब्याला फायरवॉल म्हणतात. खरं तर तो साधा जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या पाठीला नेटच्या वायरीची दोन तोंडं. एका तोंडात बाहेरचं इंटरनेट येतं, दुसऱ्यातून ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना जातं. मध्ये डबा बसतो आणि कुणाला आत घ्यायचं ते ठरवतो. नांदेडचा सर्व्हरही फक्त याच डब्याला ओळखतो. त्यामुळे "मोबाईलचं हॉटस्पॉट लावू का" हा सल्ला, जो मला त्या दिवशी चार जणांनी दिला, तो चालत नाही.

डब्यावर ओपनबीएसडी नावाची सिस्टीम आहे. विंडोज जसं सगळ्यांना माहीत असतं, तसं हे कुणालाच माहीत नसतं. फुकट मिळते. जगभरातले थोडे हट्टी लोक मिळून ती लिहितात आणि सुरक्षेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. म्हणूनच ती मला आवडते. तिचं चिन्ह काटेरी मासा. त्याचं स्टिकर मी डब्यावर लावलं होतं. बालाजीरावांच्या आई, अक्का, माळकरी आहेत. डबा बसवला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हापिसात मासळी कामून?" मी म्हणाले, "राखणदार आहे." आता त्या माशालाही हळदकुंकू लावलेलं होतं.

डबा चालू होताना कोणकोणतं हार्डवेअर जागेवर आहे त्याची हजेरी घेतो. या हजेरीला dmesg म्हणतात. स्क्रीन लावून मी ती वाचली. आतल्या बाजूचं तोंड, म्हणजे मदरबोर्डवरचं, हजर होतं. बाहेरच्या बाजूचं तोंड एका वेगळ्या कार्डावर होतं. त्याचं नाव em0. ते गैरहजर होतं. सापडलं पण बिघडलंय, असंही नाही. नावच नाही.

मी डबा उघडला आणि कार्ड बाहेर काढलं. ते चिकट होतं. वास घेतला. नारळ.

"सोपानराव," मी विचारलं, "नारळ कुठे फोडला?"

"कुठं म्हंजे? पायरीवर फोडला की."

"आणि पाणी?"

"पानी सगळ्या मशीनीला शिपडलं. जिनला, प्रेसला, काट्याला, ट्रॅक्टरला. ह्याला बी." थोडं थांबून म्हणाले, "ह्याला जरा जादा. बिचारं बारा महिने चोवीस तास चालतंय."

माझ्या डब्याच्या कामाची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती. फर्स्ट एडच्या पेटीतलं स्पिरिट घेऊन मी कार्ड पुसलं, पंख्याखाली वाळवलं, परत लावलं. हजेरीत नाव नाही. दुसऱ्या खाचेत लावलं. नाही. नारळपाण्यात साखर असते, मीठ असतं, आणि डबा त्या वेळी चालू होता. कार्ड गेलेलं होतं.

आता कुणीही विचारेल, दुसरं कार्ड लावायचं, त्यात काय मोठं? घोडं इथेच पेंड खातं. विंडोजला कोणतंही कार्ड लावा, ते कुठून तरी ड्रायव्हर आणतं. ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाशी बोलायची भाषा. ओपनबीएसडीत ही भाषा बहुतेक सिस्टीमच्या पोटातच असते. ज्या चिपची नीट माहिती लिहिणाऱ्यांना मिळाली, ज्यावर त्यांचा भरवसा बसला, तिचीच भाषा ते लिहितात. असली तर कार्ड खोचलं की काम सुरू. नसली तर डोकं आपटून उपयोग नाही. म्हणून आम्ही लोक आधी कार्डावरची चिप पाहतो, मग कार्ड घेतो. लग्न जमवताना पत्रिका पाहतात तसं, फक्त इथे पत्रिका खरी ठरते.

माझ्या बॅगेत एरवी एक चांगलं कार्ड असतं. ते आठवड्यापूर्वी लातूरच्या एका दवाखान्यात बसलं होतं. नवीन मागवलेलं सणामुळे कुरिअरमध्ये अडकलं होतं. नांदेडच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "तसलं कोन घेतंय आता? मागवावं लागंल." दुष्काळात तेरावा महिना.

बॅगेत एक यूएसबी अडॅप्टर होता. पेन ड्राईव्हसारखा खोचायचा, त्याला नेटची वायर लागते. त्याची भाषा ओपनबीएसडीला येते. मी तो लावला. हजेरीत नाव आलं. सेटिंग्जच्या फाईलींमध्ये जिथे जिथे em0 होतं तिथे नवं नाव लिहिलं, कारण ही सिस्टीम प्रत्येक कार्डाला त्याच्या ड्रायव्हरच्या नावानं हाक मारते. कार्ड बदललं की नाव बदलतं, आणि नाव बदललं की जुने नियम नव्याला लागू होत नाहीत. सगळं तपासून चालू केलं.

नांदेड लागलं. बालाजीरावांनी टाळीच वाजवली. "झालं की मॅडम! उगं परेशान करून राहिल्या होत्या."

"थांबा," मी म्हणाले. "उद्याची गर्दी आज लावून बघू."

काट्याच्या कॉम्प्युटरवरून मी गाड्यांचे जुने फोटो भराभर नांदेडला पाठवायला लावले. थोडा वेळ नीट गेले. मग स्क्रीनवर एक ओळ आली, watchdog timeout. अर्थ असा की सिस्टीमनं अडॅप्टरला काम सांगितलं आणि त्यानं वेळेत उत्तर दिलं नाही. नेट गेलं, मग आपोआप आलं. पुन्हा फोटो, पुन्हा तीच ओळ. अडॅप्टर चांगला होता, जुन्या डब्याचं यूएसबी कमजोर होतं. हलक्या कामाला चाललं असतं. मुहूर्ताच्या गर्दीला नाही.

इथे मी मनाशी हिशेब केला. नेट चालू होतं. बालाजीराव खूश होते. मी "झालं" म्हटलं असतं तर ते मला जीप गाठायला नाक्यापर्यंत सोडायला आले असते. उद्या गाड्या अडकल्या असत्या तेव्हा मी नागपुरात असते, आणि तिथल्या गर्दीत फोन लागत नाही असं सांगता आलं असतं. ते खरंही असतं. पण मग हे कडक सिस्टीमचं, भरवशाचं मी एवढं मिरवते ते कशाला? मला हे असलं सोडून जाता येत नाही. याला लोक प्रामाणिकपणा म्हणतात. आई याला खोड म्हणते.

"हे टिकणार नाही," मी म्हणाले. "गावात कुणाकडे कार्ड मिळेल?"

बालाजीराव मोटारसायकल काढून स्वतः बाजारात गेले. अर्धी दुकानं पूजेमुळे बंद होती. एक उघडं सापडलं. ते चकचकीत खोका घेऊन आले. "सगळ्यात चालतं म्हनला दुकानदार. गॅरंटी."

मी चिप पाहिली. ओळखीची नव्हती. तरी लावली, कारण न लावता नाही म्हटलं तर मालकाला वाटतं बाई हट्टी आहे. हजेरीत एक ओळ आली. चिपचा नंबर, आणि पुढे not configured. ओपनबीएसडीच्या तोंडून याचा अर्थ असा: दारात कुणीतरी आलंय, दिसतंय, पण मी त्याला ओळखत नाही.

सोपानराव खोका उलटसुलट करत होते. "मॅडम, सीडी हाय की संगं!"

"ती विंडोजची."

"मंग ह्याच्यात इंडोज टाका ना एक दिस. परवा काढून टाका."

बालाजीरावांना ही कल्पना आवडली. मला नाही. विंडोज टाकलं असतं तर नांदेडचा बोगदा, म्हणजे तिथल्या सर्व्हरपर्यंतची बंद वाट, सगळे नियम, सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका मिलच्या सगळ्या फाईलींना कुणीतरी बाहेरून कुलूप लावलं, तेव्हा घाबरून हेच बालाजीराव माझ्याकडे आले होते. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "हाव, ते बी हाय म्हना," आणि खुर्चीत बसले.

मीही भिंतीला टेकले. आईचा फोन आला. जीप अर्धापूर ओलांडून पुढे आली होती. "झालं का?" मी म्हणाले, "होतंय." ती म्हणाली, "होतंय म्हंजे न्हाई झालं."

तेवढ्यात मला आठवलं. हा डबा बसवला तेव्हा मी तसली दोन कार्डं आणली होती. एक डब्यात घातलं. त्याच सुमारास विजेनं ऑफिसातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरचं नेटचं तोंड जळालं, म्हणून दुसरं त्यात बसवलं. म्हणजे हुबेहूब तसंच कार्ड याच ऑफिसात होतं. तेच नाव, तीच भाषा. काढायचं, डब्यात लावायचं, आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरला बाजारातून आणलेलं द्यायचं. तो विंडोजवर होता, त्याला काहीही चालतं.

"सोपानराव, हिशेबाचा सीपीयू कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सोपानरावांनी हळूच पलीकडच्या खोलीकडे बोट केलं.

पलीकडे चौरंग मांडला होता. त्यावर वजनं, कात्री, पाना-पक्कड, ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध हिशेबाचा सीपीयू. त्याला झेंडूची माळ, समोर समई. शेजारी पाटावर अक्का बसल्या होत्या. खंडेनवमीला अवजारांची पूजा मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत ती हलवत नाहीत. वापरत नाहीत, उचलत नाहीत. हे मला माहीत होतं. कोपऱ्यातला डबा बारा महिने चालू लागतो म्हणून त्याला चौरंगावर घेतलं नव्हतं, जागेवरच ओवाळलं होतं. सीपीयू मात्र चौरंगावर होता.

मी वाकून म्हणाले, "अक्का, यातला एक छोटा भाग—"

"हात नको लावू."

साधं वाक्य आहे. गिऱ्हाइकांना मी ते रोज ऐकवते. पण ते ऐकणारं कोण आहे त्यावर त्याचं वजन ठरतं. माझ्या आजीनं ते विहिरीवर ऐकलं होतं. आईनं शाळेतल्या माठाजवळ. माझा नंबर लागला तो एका सीपीयूजवळ. अक्कांना माझं आडनाव माहीत होतं. मला राग आला. मी सरळ उभी राहिले आणि काही बोलले नाही, कारण बोलले असते तर डब्याचं काम राहूनच गेलं असतं.

मागून बालाजीराव आले. "अक्का, दोन मिनटाचं काम हाय. मी काढून देतो."

"तू बी नको लावू. तुझ्या बापालाबी लावू दिला नव्हता. उद्या सकाळी पूजा हालली की काय काढायचं ते काढा."

म्हणजे बंदी सगळ्यांना होती. हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला. निम्मा राहिला. तो उतरायला पिढी लागते.

बालाजीराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आजच्या रात राहा. घरी सोय करतो. पहाटेच पूजा हलवायला लावतो अक्काला. गाड्या यायच्या आत होऊन जातंय."

"मला आज नागपूरला जायचंय."

"आता दसऱ्याचं नागपूरला काय—" आणि मध्येच थांबले. त्यांचं त्यांनाच कळलं. "बरं, बरं," म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून उगीच चष्मा पुसू लागले.

बाहेर हॉर्न वाजला. जीप नाक्यावर न थांबता थेट इथेच आली होती. आई उतरली. पांढरी साडी, हातात काठी. गेटपासून ऑफिसपर्यंत ती सावकाश चालत आली. मी धावत जाऊन तिला धरलं आणि चालता चालता सगळं सांगितलं. कार्ड कुठे आहे, का काढता येत नाही, कधी काढता येईल. एवढं सांगून म्हणाले, "तू जा. मी उद्या पहाटे हे करून मागून येते."

"मंग मीबी उतरते."

"आई, जीप थांबलीय. ऐक माझं."

"पिशवी काढ माझी."

ती आत आली. अक्कांनी वर पाहिलं. दोघी साधारण एकाच वयाच्या. सोपानरावांनी खुर्ची पुढे केली. आई बसली, काठी टेकून ठेवली, आणि चौरंगाकडे नीट बघत राहिली. मला वाटलं आता काही तरी कडक बोलेल. आईनं कडक बोललेलं मी ऐकलं आहे.

ती म्हणाली, "माय, एक इचारू? ही पूजा कशापायी असती?"

अक्का म्हणाल्या, "वरीसभर राबतेत बाई. आपलं पोट ह्यांच्यावर हाय. म्हनून एक दिस त्यांला इसावा. आज ह्यांच्याकडून काम घेऊ न्हाई."

"बराबर हाय," आई म्हणाली. "राबत्याला इसावा पायजेच."

"हाव. पायजेच."

"माझी लेकबी वरीसभर राबती. आज लातूर, उद्या चाकूर, परवा तुमचं हदगाव. सनासुदीला हिचाच फोन वाजतो. आजचा अन् उद्याचा एवढाच दिस तिचा हाय. तुमच्या मशीनीला सुट्टी दिली, लई चांगलं केलं." आई थांबली. आवाज चढला नव्हता. "मंग माझ्या लेकीला कामून राबवून राहिल्या?"

सोपानराव फरशीकडे बघत होते. मला एकदम रडू आलं, ते मी हातातले डब्याचे स्क्रू मोजण्याच्या निमित्तानं आवरलं. इतकी वर्षं मी आईला सांगत आले होते की माझं काम तुला समजत नाही.

अक्कांनी एकदा चौरंगाकडे पाहिलं. मग ताम्हनातल्या अक्षता उचलल्या, सगळ्यांवर टाकल्या आणि चौरंगाला हात लावून तो बोटभर सरकवला. उत्तरपूजा अशीच करतात. देव जागचा हलला की पूजा संपली.

"हालली पूजा," त्या म्हणाल्या.

"अक्का, उद्याचा मुहूर्त..." बालाजीराव म्हणाले.

"तू गप रे." त्यांनी सीपीयूची माळ स्वतःच्या हातानं काढली, समई बाजूला घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. "ये. लाव हात. काय काढायचं ते काढ."

पुढचं काम सांगण्यासारखं नाही, म्हणजे ते नीट झालं. सीपीयू उघडला. कार्ड कोरडं होतं, त्याला फक्त झेंडूची एक पाकळी चिकटली होती. ते डब्यात लावलं. डबा चालू केला. हजेरीत em0 आलं. सेटिंग्जमध्ये जुनी नावं परत आणली, बाकी काहीच करावं लागलं नाही. तीच जात—चुकले, तोच प्रकार असला की ही सिस्टीम काही विचारत नाही. सगळे फोटो एकदम पाठवून बघितले. एकही ओळ आली नाही. स्क्रीन गप्प राहिली की आमच्या धंद्यात काम झालं समजतात.

बाजारातलं कार्ड हिशेबाच्या सीपीयूत गेलं. सोपानराव सीडी घेऊन तयार होते, पण त्या सीपीयूला सीडी घालायची जागाच नव्हती. तरी विंडोजनं कार्ड घेतलं. माझ्याकडे ज्याला कुणी ओळखत नव्हतं ते तिकडे मिनिटात नांदलं. सोपानरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की दोष कार्डाचा नव्हताच, माझ्या माशाचा होता. ते पूर्ण चूक नव्हते.

तोवर आई आणि अक्का चहा पीत गुडघ्यांवर आल्या होत्या. कुठल्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं, किती दिवस झोपून होतीस, जिना चढता येतो का. जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. जीपमधल्या बायाही ओरडत होत्या. आई उठली तशा अक्का तिला सोडायला पायरीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "गर्दी लई असंल तिकडं. पोरीचा हात सोडू नको."

"न्हाई सोडत," आई म्हणाली.

बालाजीरावांनी गेटपाशी मला हळूच विचारलं, "मॅडम, ते राखणदार पुन्हा ओवाळलं तर चालंल का? पाणी न शिपडता?"

"हळदकुंकू पुढून लावा," मी म्हणाले. "पाठीला काही नको."

आम्ही रात्री नागपूरला पोचलो. सकाळी दीक्षाभूमीच्या रांगेत होतो. जिकडे बघावं तिकडे पांढरे कपडे, निळे झेंडे, पुस्तकांचे ठेले. आईनं माझं मनगट धरलं होतं. धरलं म्हणजे आवळलं होतं. तेवढ्या गर्दीतही फोन लागला. बालाजीराव होते. पहिली गाडी मोजली, भाव आला, नेट एकदाही गेलं नाही, अक्कांनी जयभीम सांगितलाय. शेवटचं वाक्य त्यांनी जरा घाईत उरकलं आणि फोन ठेवला.

ओपनबीएसडीवर काम करणाऱ्यांनी यातून एकच गोष्ट घ्यावी. चालणारं स्पेअर कार्ड स्वतःच्या बॅगेत ठेवावं. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बसवलेलं स्पेअर सणाच्या दिवशी गिऱ्हाइकाचंही नसतं, ते चौरंगावर असतं. परत आल्यावर मी दोन कार्डं घेतली आणि दोन्ही बॅगेत ठेवली.

त्या सकाळी दीक्षाभूमीवर, फोनवर काय झालं ते मी लगेच आईला सांगितलं. ती ऐकत रांगेत पुढे सरकत होती. मग म्हणाली, "बाई चांगलीच हाय ती."

"हो," मी म्हणाले.

"पन इचारल्याबिगर चांगली झाली नसती."